राहिली

"वहिनी, हातातलं ठेव आणि आधी इकडे ये."

नणंदेची हाक आली तेव्हा वहिनी साहेबांच्या पुढ्यात खाद्याची बादली उपडी करत होती. साहेब म्हणजे डुकरांच्या त्या फार्मवरचा थोरला नर. सकाळ-संध्याकाळ त्याने फक्त शेडमधून फेरी मारायची आणि बाकीचं काम दुसऱ्यांनी करायचं, म्हणून कोणीतरी त्याला साहेब म्हणायला लागलं आणि ते नाव त्याला चिकटलं.

"आत्ताच?" वहिनीने ओरडून विचारलं.

"आत्ताच."

विणीच्या शेडमध्ये शिरलं की आधी ऊब अंगावर यायची. पिल्लांसाठी प्रत्येक पिंजऱ्यावर दिवा लावलेला असायचा. त्या तांबूस उजेडात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून दूध पीत होती, ढुशा देत होती, किंचाळत होती. फक्त मधल्या एका पिंजऱ्यावरचा दिवा बंद होता. तिथे कानफाटी नावाची मादी एकटी, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुणीसारखी ऐसपैस लोळत पडली होती.

नणंद तिच्या पोटापाशी उकिडवी बसली होती. तिने एक सड चिमटीत धरून दाबला.

"बघ. कोरडा ठाक."

"एखादी जाते पुढेमागे," वहिनी म्हणाली.

"पुढेमागे म्हणजे किती गं? हिच्याबरोबरच्या सगळ्या व्याल्या. त्यांची पिल्लं आता पळायला लागली. मी रोज म्हणतेय, उद्या होईल, उद्या होईल. तू हात लावून बघ एकदा. मला काही लागत नाही."

वहिनी गुडघ्यांवर टेकली. ते टेकणंही आता सोपं राहिलं नव्हतं. आधी एक हात जमिनीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. तिने कानफाटीच्या पोटावर, मागच्या बाजूला, तळवा सपाट ठेवला आणि डोळे मिटले. शेवटच्या दिवसांत तिथे पिल्लांची चुळबुळ लागते. कधी एखादी लाथ अशी बसते की हात दचकून मागे घ्यावा. ती थांबली. आतून पोटातली गुडगूड तेवढी लागली. पोट होतं, पण ते बसून खाऊन सुटलेलं पोट होतं.

"काही नाही?" नणंदेने विचारलं.

"नाही."

"म्हणजे रिकामीच."

वहिनीने हात काढून घेतला नाही. कानफाटीने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. तिच्या मते सगळं छान चाललं होतं.

"पण दादा म्हणाला होता ना, राहिली म्हणून?" नणंद म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. फार्मवर त्याला फळीवाले म्हणत. डुकराच्या पुढ्यात माणूस आला तर ते त्याला ढकलून निघून जातं. फळी आली तर भिंत समजून निमूट वळतं. त्यामुळे लाकडी फळी हातात धरून नराला शेडमधून फिरवायचं काम ज्याचं, तो फळीवाला. हे काम दुसऱ्या कोणी केलेलं फार्मवरच्या कोणाला आठवत नव्हतं. पुढे नर, त्याच्यामागे फळी घेऊन नवरा, आणि पलीकडच्या टोकाला वहिनी, खाद्य टाकत, पाणी सोडत. वीस-बावीस वर्षं त्यांचा संसार असाच एका बोळातून चालला होता. घरी दोघांना बोलायला फुरसत नसायची. जे काही बोलायचं ते इथे, डुकरांच्या डोक्यावरून, ओरडून.

मादी नराकडून भरवून तीन आठवडे झाले की तिच्यापुढून नर न्यायचा. गाभ धरला नसेल तर ती परत माजावर येते. कान टवकारते, आणि पाठीवर हाताने दाब दिला की जागेवर खुंटासारखी उभी राहते. तसं झालं की ती उलटली. आणि दाब दिल्यावर कुरकुरत बाजूला सरकली, नराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर ती राहिली. फार्मवर दिवसभर हे दोनच शब्द चालायचे. नवरा पाठ दाबायचा, अंग कसं लागतं ते हातानेच ओळखायचा, आणि वहिनी दुसऱ्या टोकावरून विचारायची, "राहिली का हो?" मग तो उत्तर द्यायचा.

कानफाटीची पाळी आली तो दिवस असाच होता. तिचा उजवा कान लहानपणी दुसऱ्या डुकराने फाडलेला. नवऱ्याची ती लाडकी. दर वेताला भरपूर पिल्लं द्यायची आणि एकही अंगाखाली चिरडायची नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, वहिनीने विचारलं, आणि त्याने वळून स्वच्छ सांगितलं, "राहिली." मग फळी खाली पडल्याचा आवाज आला. वहिनी धावत पोचली तेव्हा तो बोळात भिंतीला टेकून बसला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि साहेब त्याच्यापाशी उभे राहून त्याचा सदरा हुंगत होते.

त्यानंतर नवऱ्याच्या तोंडून धड शब्द बाहेर पडला नाही. उजवं अंग गेलं. बोलणं असं झालं की अर्धं तोंडात, अर्धं डोळ्यांत. दवाखान्यातून घरी आणल्यावर वहिनीने त्याचं कामही स्वतःच्या अंगावर घेतलं. पहिल्यांदा तिने नर बाहेर काढला तेव्हा कानफाटीपाशी आल्यावर तिचे पाय आपोआप पुढे पडले. त्या मादीची पाठ तिने दाबली नाही. महिन्यातून एकदा जनावरांचे डॉक्टर माद्यांच्या पोटावर यंत्र लावून बघायला यायचे. त्यांनाही तिने तिथे थांबू दिलं नाही. "ही झालेली आहे," म्हणाली. नवऱ्याने ज्यावर शेवटचा धड शब्द खर्च केला होता, त्यावर परत हात ठेवणं तिच्या जिवावर आलं.

आणि मुका माज म्हणून एक प्रकार असतो, हे तिला का माहीत नव्हतं? काही माद्या आतून रिकाम्या असतात आणि बाहेर काहीच दाखवत नाहीत. अशीला एकदा सोडून दोनदा, तीनदा बघावं लागतं. हे नवऱ्यानेच तिला शिकवलं होतं.

"मालकांना सांगायला लागेल," नणंद म्हणाली.

"मी सांगते."

"आणि दादाला?"

वहिनी पिंजऱ्याची दांडी धरून उठली. "ते रोज विचारतात," ती म्हणाली. "मी भात भरवायला बसले की आधी हिचं विचारतात. तिकडे शहरात असलेल्या स्वतःच्या पोराची चौकशी कधी एवढी केली नाही त्यांनी."

"मग सांग व्याली म्हणून. दहा-बारा झाली म्हण. तो काय उठून मोजायला येतोय?" नणंदेचा आवाज जरा चिरकला. तिने पदराने नाक पुसलं आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं एक पिल्लू उगाचच उचलून दुसऱ्या सडाला लावलं.

मालक दुपारी आले. वडिलांच्या मागे त्यांनी फार्म हातात घेतला होता. माणूस तसा वाईट नव्हता, पण सदा कुठेतरी जायला उशीर झाल्यासारखा उभा असायचा. कानफाटीकडे बघत त्यांनी गालाला हात लावला.

"हिला गाभण कोणी धरलं?"

नणंदेने वहिनीकडे पाहिलं.

"मी," वहिनी म्हणाली. "माझं बघायचं राहून गेलं."

मालकांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं. रागाला उत्तर देता येतं.

"गुरुवारी ट्रक येतोय. हिला पाठवून देऊ."

"एकदा अजून भरवून बघितलं असतं," वहिनी म्हणाली. "आजवर कधी फसवलं नाही तिनं."

"वय झालं तिचं, वहिनी. तुम्हाला काय सांगायचं मी?" ते जायला वळले आणि थांबले. "फळीवाले कसे आहेत?"

"आहेत."

"मी काय म्हणतो…" मालक पायातल्या बुटाने जमिनीवरचा भुसा सारखा करायला लागले. "नराच्या मागे तुम्ही एकट्याने चालणं बरं नाही. त्याने एखाद्या दिवशी भिंतीशी दाबलं तर? आणि खाद्यही तुम्हीच, पाणीही तुम्हीच. एवढे दिवस मी काही बोललो नाही. तुम्हाला वाटत होतं ते बरे होऊन येतील, मलाही वाटत होतं. आता एक माणूस बघितलाय. गुरुवारपासून येईल."

वहिनीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नको म्हणायचं होतं. मी करते सगळं, मला जमतंय, असं म्हणायचं होतं. इतके दिवस तिने दोघांची कामं एकटीने ओढली ती एवढ्याचसाठी, की त्या जागेवर दुसरं कोणी उभं राहू नये. पण तिच्या कंबरेतून एक कळ आली, आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडून निघालं, "बरं होईल."

मालक सुटल्यासारखे निघून गेले. वहिनी तिथेच उभी राहिली. आपण हो म्हणालो यापेक्षा, हो म्हणताना आपल्याला हायसं वाटलं, हे तिला जास्त लागलं.

घरी पोचली तेव्हा शेजारीण ओट्यापाशी पातेलं घासत होती. दिवसभर नवऱ्याकडे बघायला तीच असायची. स्वतः सत्तरीची, पण बसून राहणं तिला ठाऊक नव्हतं.

"आज चिडलाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दुपारी पाणीसुद्धा घेतलं नाही. दाराकडेच डोळे."

ती गेल्यावर वहिनीने हात-पाय धुतले. कितीही साबण लावला तरी शेडचा वास जायचा नाही. पूर्वी दोघांच्याही अंगाला यायचा तेव्हा तो कधी जाणवलाच नव्हता. तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठीखालची चादर बदलली, उशा लावून त्याला बसतं केलं आणि मऊ भाताची ताटली घेऊन पुढ्यात बसली.

"का…?" त्याने विचारलं. डाव्या हाताने कानाची पाळी धरून दाखवली. कानफाटी.

"व्याली," वहिनी म्हणाली.

चमचा तिने त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.

"पहाटेच व्याली. नणंदबाईंनी सगळं नीट केलं. अकरा झाली."

तो बघत राहिला.

"सगळी जगली. एक जरा लहान आहे, पण पितंय. दूध तर एवढं की सांगायची सोय नाही. पिंजऱ्यात लोळतेय महाराणीसारखी." शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं आणि तिथे तिचा आवाज नीट निघाला. बाकीच्या वेळी तिला स्वतःलाच कळत होतं की आपण भलतंच भराभर बोलतोय.

त्याने डावा हात उचलून तिच्या हातातला चमचा बाजूला केला.

"खो…"

"काय?"

"खो…टं."

वहिनीने चमचा ताटलीत ठेवला. "खोटं कशाला बोलू मी?"

त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला. तो हात असा उचलावा लागायचा जसा काही तो दुसऱ्या कोणाचा विसरून राहिलाय. तो त्याने तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्यावर डाव्या हाताने चापट मारली.

"हा…त. न…व्हता."

"काय नव्हतं? मला कळेना झालंय. सावकाश बोला."

त्याच्या कपाळावर घाम आला. एकेक अक्षर तो विहिरीतून काढल्यासारखं वर काढत होता. "त्या… दिवशी. हात… ला…गेना."

वहिनीच्या हळूहळू लक्षात आलं. कानफाटीची पाठ त्याने दाबली तेव्हाच तो हात गेलेला होता. दाब बसला की नाही, ती हलली की उभी राहिली, त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आणि हे तो गेले इतके दिवस पोटात घेऊन पडला होता. रोज संध्याकाळी तो लाडक्या मादीची चौकशी करत नव्हता. आपली चूक उघडी पडली का, तेवढं विचारत होता.

"मग राहिली का म्हणालात?" तिने विचारलं. आवाजात राग आला, तो तिला आवरता आला नाही. "कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं! मला हाक मारायची! मी आले असते, हात लावला असता, तुम्हाला तिथल्या तिथे धरलं असतं."

नवऱ्याने तिच्याकडे बोट केलं.

"तू… विचा…रलंस."

एवढंच. तिने विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं होतं. बोळाच्या त्या टोकाला अर्धं अंग सुटत चाललेलं असताना, तिने काळजी करू नये, रोजच्यासारखं वाटावं, म्हणून.

वहिनीने तोंडावर हात घेतला. तिला हसू आलं का रडू, हे तिला धड कळलं नाही. दोन्ही एकदम आलं असावं, कारण भाताची ताटली तिच्या मांडीवर हलायला लागली.

"नाही राहिली ती," ती शेवटी म्हणाली. "रिकामी निघाली. आणि माझंही चुकलं. मी परत बघितलंच नाही तिच्याकडे."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. त्याच्या चेहऱ्याची जी बाजू हलायची ती सैल पडली. त्याने तोंड उघडलं. तिने घास दिला. त्याने खाल्ला.

अर्धी ताटली संपल्यावर तिने दुसरी गोष्ट सांगितली. एवढं बोललोय तर तेही होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं. "मालकांनी माणूस बघितलाय. साहेबांच्या मागे चालायला. गुरुवारपासून."

नवऱ्याने मान भिंतीकडे वळवली. तिने घाई केली नाही. ताटलीतला भात चमच्याने गोळा करत राहिली.

"तू…?" त्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

"मी खाद्य-पाणी. पूर्वीसारखं. लवकर सुटेन."

"ब…रं," तो म्हणाला.

गुरुवारी ट्रक आला तेव्हा वहिनीने कानफाटीला स्वतः बाहेर काढलं. ट्रकबरोबरच्या माणसाच्या हातात काठी होती. ती तिने त्याला गाडीत ठेवून यायला सांगितलं. कानफाटी रमत-गमत निघाली. चढणीच्या फळकुटांपाशी थांबून तिने ती हुंगली, मागे वळून पाहिलं. वहिनीने तिच्या मानेमागे खाजवलं. नणंद दारापर्यंत आली होती, ती तिथूनच परत फिरली.

"चल गं," वहिनी म्हणाली.

कानफाटी चढली. ट्रकवाल्याने खालून दार लावलं आणि तो म्हणाला, "ही बरी शहाणी निघाली. नाहीतर एकेक नुसता घाम काढते."

"माणसांची सवय आहे तिला," वहिनी म्हणाली आणि ट्रक फाटकाबाहेर पडायच्या आत शेडमध्ये आली.

नवा माणूस बोळात भिंतीला चिकटून उभा होता. अंगाने दांडगा, पन्नाशीचा. आधी कुठल्याशा गोदामावर पहारेकरी होता म्हणे. साहेबांनी त्याच्या दिशेने नुसता श्वास सोडला तरी तो दोन पावलं मागे जात होता.

"चावतो का हो हा?"

"तुम्ही घाबरलात तर ढकलेल. नाहीतर त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचं लक्ष बायकांकडे."

नवा माणूस हसला. वहिनीने त्याला नराच्या पुढे जायचं नाही, फळी घेऊन मागेच राहायचं, हे दाखवलं. पाठीवर दाब कुठे द्यायचा, कंबरेच्या जरा पुढे, दोन्ही तळवे टेकवून, हे दाखवलं. त्याने एका मादीच्या पाठीवर हात ठेवला तो तव्यावर ठेवल्यासारखा.

"नीट दाबा. तिला काही होत नाही."

"चुकलं तर?"

"चुकतं," वहिनी म्हणाली. "परत बघायचं. आणि नाही कळलं तर मला हाक मारायची. लाजायचं नाही."

त्याने मान डोलावली. मग आजूबाजूला बघून विचारलं, "आधी कोण होतं या कामाला?"

"माझे मिस्टर."

"गेले?"

"घरी आहेत," वहिनी म्हणाली.

दुपारी उन्हं कलायच्या आतच तिचं काम संपलं. काहीतरी राहिलंय असं वाटून ती दोनदा मागे फिरली. काही राहिलं नव्हतं. घरी पोचली तेव्हा शेजारणीचा डोळा लागायची वेळ होती, तिला तिने लवकर घरी पाठवलं. नवरा जागा होता. तिला इतक्या उजेडात दारात बघून त्याने भुवया वर केल्या.

"सुटले," ती म्हणाली.

तिने चहाचं पाणी गॅसवर ठेवलं आणि ते उकळेपर्यंत म्हणून त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकली. ट्रकचं त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. नव्या माणसाचं मात्र सांगितलं, तो कसा हात ठेवतो ते हात ठेवून दाखवलं, आणि नवऱ्याच्या घशातून एक आवाज आला. तो हसला होता. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या पायांवर पडलं होतं. त्याने तिचं मनगट धरलं होतं, ती बोटं हळूहळू सैल झाली. तो झोपला.

पाणी उकळायला लागल्याचं तिला ऐकू आलं. उठायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग पातेलं खडखडल्याचा आवाज आला, कोणीतरी दबक्या पावलांनी आत आलं, गॅस बंद झाला. शेजारीण काहीतरी विसरून गेली असावी, किंवा नुसतंच डोकावायला आली असावी. तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते, तिला चहा घे म्हणायला हवं होतं, पायातले बूटसुद्धा अजून काढायचे होते.

वहिनी उठली नाही. शेजारणीने जाताना दार हलकेच लोटून घेतलं, तेही तिने बसल्या बसल्या, डोळे मिटूनच ऐकलं.